सोंग उतरविणारा नट

नायकाचें काम करणारा नट कोणत्याही नाटकांत गेला तरी नायकच दिसतो, व लोकांसही तेंच हवें असतें. चरित्रनटाची गोष्ट निराळी. त्यास दर वेळीं नवा माणूस व्हावें लागतें. आणि एखादें सोंग फार उत्तम साधलें म्हणजे तेंच अंगास चिकटून बसण्याचें भय असतें. श्री. दिलीप प्रभावळकर यांस हें भय लवकरच भेटलें.

त्यांचा जन्म १९४४ सालचा. १९७७ मध्यें मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशी यांच्या कथांवरून मालिका सुरू झाली, तींत भित्र्या, भाबड्या चिमणरावांची भूमिका त्यांजकडे आली. (मूळ लेखक बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक होते, हें वाचून पुष्कळांस मौज वाटेल.) त्या काळीं चित्रें काळींपांढरीं असत व दूरदर्शनसंच आळींत एखाद्याच घरीं असे. प्रेक्षक नटाचें नांव विसरले. त्यांस चिमणराव तेवढे ठाऊक. गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्यें निवर्तले, तोंपर्यंत लोकांच्या मनांत ते गुंड्याभाऊच राहिले. त्यांत उणेपणा कसला? एवढें प्रेम किती नटांस लाभतें? प्रभावळकरांनीं मात्र दुसरी वाट धरली.

'हसवाफसवी' या स्वतः लिहिलेल्या नाटकांत ते एकटेच सहा माणसें झाले. १९९१ च्या 'चौकट राजा' चित्रपटांत बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू, १९९३ च्या 'झपाटलेला'मध्यें मुलांची झोंप उडविणारा तात्या विंचू, आणि २००१ पासून दूरचित्रवाणीवर टिपऱ्यांच्या घरांतले आबा!

सर्वांत कठीण भूमिका, आमच्या मतें, २००६ सालच्या 'लगे रहो मुन्नाभाई'मधील महात्मा गांधींची. गांधीजींचा चेहरा कोणास ठाऊक नाहीं? चष्मा, पंचा व काठी यांवर पहिला क्षण निभावतो. पुढें नुसत्या नकलेचें हसूं होतें. येथें तसें झालें नाहीं. समोरच्याचें बोलणें शांतपणें ऐकून घेणारा माणूस आपणांस दिसतो, आणि त्या ऐकण्यानेंच गांधीजी खरे वाटतात. त्या वर्षाचें सहायक अभिनेत्याचें राष्ट्रीय पारितोषिक त्यांस मिळालें. विद्यार्थ्यांनीं एकदां आवाज बंद करून हे गांधीजी व ते चिमणराव लागोपाठ पाहावे. मान, खांदे आणि पावलें यांकडेच लक्ष द्यावें. वडील मंडळींनींही शेजारीं बसण्यास हरकत नाहीं.

सप्टेंबर २०२५ मध्यें, वयाचीं ८१ वर्षें पुरीं झाल्यावर, ते 'दशावतार' चित्रपटांत कोंकणांतील एक वृद्ध दशावतारी नट होऊन पुनः लोकांसमोर आले.