दोन घरचा पाहुणा

लेक पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. तिच्याकडे एका तंत्रज्ञान कंपनीचं कार्ड होतं. काळंभोर, उभं छापलेलं. वर सोळा आकडी नंबर नाही की बँकेचं नाव नाही, फक्त कंपनीचं आणि तिचं नाव. साताऱ्याहून मी दर महिन्याला यूपीआयने पैसे टाकायची आणि तिला ॲपमध्ये मेस, रिक्षा, झेरॉक्स असा खर्चाचा रंगीत तक्ता दिसायचा. किमान शिल्लक ठेवायची कटकट नाही, शाखेत हेलपाटे नाहीत. दोघीही खूश होतो.

मग तिच्या लॅपटॉपचा कीबोर्ड गेला. तपकीर गल्लीतल्या दुकानात तिने तो बदलून घेतला, कार्ड मशीनला टेकवलं, पिन दाबला. मशीन म्हणालं ‘डिक्लाइन्ड’. फोनवर मात्र रक्कम वजा झाल्याचा मेसेज. दुकानदार भला माणूस. त्याने मशीनमधून निघालेली चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “ताई, हिचा लगेच फोटो काढून ठेवा. या कागदावरची शाई उडते.” मैत्रिणीकडून उसने घेऊन तिने बिल भागवलं.

ॲपमध्ये फोन नंबर नव्हताच, होती ती चॅटची खिडकी. तिथे आधी यंत्र बोललं, मग माणूस बोलला, पण दोघांचं उत्तर एकच: ‘तुमची तक्रार भागीदार बँकेकडे पाठवली आहे.’ दिवस गेले, पैसे आले नाहीत. कार्डाच्या मागे, चष्मा लावूनही नीट वाचता येणार नाही अशा अक्षरांत एका बँकेचं नाव होतं. त्या बँकेच्या साताऱ्यातल्या शाखेत मी गेले. काउंटरवरच्या तरुण अधिकाऱ्याने लेकीचा मोबाइल नंबर टाकून पाहिला, मी दाखवलेला कार्डाचा फोटो मोठा करून वाचला आणि म्हणाला, “मॅडम, नाव आमच्याच बँकेचं आहे, पण या नंबरवर आमच्याकडे खातंच नाही. तुम्ही ॲपवाल्यांशी बोला.”

ॲपवाले बँकेकडे बोट दाखवणार, बँक ॲपवाल्यांकडे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे आमचे चारेक हजार रुपये दोन्ही घरांच्या मध्ये अडकले.

गुंता सोडवला तो माझ्या धाकट्या दिरांनी. ते एका सहकारी बँकेत काम करतात. त्यांनी कार्डाच्या अटी ॲपमधून शोधून वाचल्या आणि पहिलंच वाक्य बोलले, “वहिनी, हे डेबिट कार्डच नाही. प्रीपेड आहे. मग शाखेत खातं कसं दिसणार?”

इथे मला पहिल्यांदा कळलं की एकसारख्या दिसणाऱ्या कार्डांच्या मागे तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

कार्ड एक, प्रकार तीन

पहिला प्रकार खऱ्या बचत खात्याचा. आपल्याकडे डेबिट कार्ड देण्याचा अधिकार फक्त बँकेला आहे. ‘निओबँक’ म्हणवणाऱ्या कंपन्यांकडे स्वतःचा बँकिंग परवाना नसतो. त्या एखाद्या बँकेशी करार करतात. ॲप कंपनीचं, खातं बँकेचं. अशा खात्यावर व्याज मिळतं आणि ठेव विमा महामंडळाचं 5 लाख रुपयांपर्यंतचं संरक्षणही असतं. पण ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारासाठी आहे. त्याच बँकेत तुमचं आधीचं खातं असेल, तर दोन्ही मिळून 5 लाख. ॲप वेगळं म्हणून विमा वेगळा मिळत नाही.

दुसरा प्रकार प्रीपेडचा, म्हणजे वॉलेट किंवा वॉलेटवर चालणारं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमावलीनुसार पूर्ण केवायसी झालेल्या वॉलेटमध्ये जास्तीत जास्त 2 लाख रुपये ठेवता येतात. नुसत्या मोबाइल नंबरवर आणि जुजबी माहितीवर उघडलेल्या वॉलेटची मर्यादा 10 हजार, आणि त्यातून फक्त खरेदी करता येते. रोख काढता येत नाही, दुसऱ्याला पाठवता येत नाही. अशा शिलकीवर व्याज नाही. वॉलेट बिगर-बँक कंपनीचं असेल तर ग्राहकांची रक्कम तिला बँकेतल्या एस्क्रो खात्यात वेगळी ठेवावी लागते. हे संरक्षण आहे, पण तो ठेव विमा नव्हे.

तिसरा प्रकार पेमेंट्स बँकेचा. ही खरी बँक, पण हातपाय बांधलेली. प्रत्येक ग्राहकाकडून दिवसअखेर 2 लाखांपर्यंतच ठेव घेता येते (एप्रिल 2021 पर्यंत ही मर्यादा 1 लाख होती) आणि कर्ज देता येत नाही. ठेव विमा मात्र इथेही लागू आहे.

आमचं कार्ड दुसऱ्या प्रकारचं निघालं. ते जारी केलं होतं बँकेने, मिरवत होती कंपनी. नियमांत या कंपनीला ‘को-ब्रँडिंग भागीदार’ म्हणतात आणि तिचं काम कार्डाची जाहिरात आणि विक्री करण्यापुरतं असतं. ग्राहकाला उत्तर देण्याची जबाबदारी जारी करणाऱ्याची.

पैसे परत आले ते असे

दिरांनी सांगितल्याप्रमाणे मी चॅट बंद केलं आणि बँकेच्या संकेतस्थळावरून तक्रार निवारणाच्या नोडल अधिकाऱ्याचा ईमेल काढला. तक्रारीत चारच गोष्टी लिहिल्या: कार्डाचे शेवटचे चार आकडे, व्यवहाराची तारीख आणि रक्कम, चिठ्ठीवरचा संदर्भ क्रमांक, आणि रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाचा उल्लेख. चिठ्ठीचा फोटो आणि वजावटीचा मेसेज जोडला.

हे परिपत्रक प्रत्येक कार्डधारकाला माहीत हवं. दुकानातल्या मशीनवर व्यवहार फसला आणि पैसे मात्र वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसापासून 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. न आल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागायची वाट न पाहता. यूपीआयने दुकानदाराला केलेल्या फसलेल्या पेमेंटलाही हाच नियम आहे. चॅटवर हे आम्हाला कुणीही सांगितलं नव्हतं. बँकेला लेखी गेल्यावर मात्र रक्कम भरपाईसकट कार्डावर जमा झाली.

आमचं थोडक्यात निभावलं

चारेक हजारांचा प्रश्न होता, सुटला. याच गुंत्याने मोठे हिसके दिल्याची उदाहरणं सर्वांसमोर आहेत.

31 जानेवारी 2024 ला रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नव्या ठेवी आणि वॉलेटमध्ये भरणा घेणं थांबवायला सांगितलं. आधी 29 फेब्रुवारीची आणि मग 15 मार्चची मुदत दिली. असलेली शिल्लक वापरायला, काढायला बंदी नव्हती. पण त्यानंतर त्या खात्यात पगार किंवा सरकारी अनुदान जमा होणार नव्हतं, फास्टॅगमध्ये नवे पैसे भरता येणार नव्हते. पेटीएमचं ॲप मात्र इतर बँकांच्या मदतीने यूपीआयसाठी चालू राहिलं. ॲप वेगळं आणि बँक वेगळी, हे ज्यांना आधीपासून ठाऊक होतं त्यांनी शांतपणे खातं आणि फास्टॅग बदलले. बाकीचे ‘पेटीएम बंद पडलं’ म्हणून धास्तावले.

त्याआधी 20 जून 2022 ला रिझर्व्ह बँकेने उधारीच्या रकमेने प्रीपेड कार्ड भरायला मनाई केली. ‘आत्ता खर्च करा, नंतर फेडा’ म्हणत तरुणांच्या हाती दिलेल्या कार्डांचा पायाच त्यामुळे गेला. नियम बदलला की अख्खं उत्पादन गुंडाळावं लागतं, ते असं.

अमेरिकेतलं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. तिथे सिनॅप्स नावाची मध्यस्थ कंपनी होती. अनेक ॲप ग्राहकांचे पैसे तिच्यामार्फत बँकांत ठेवत. एप्रिल 2024 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मे महिन्यात एक लाखाहून अधिक ग्राहकांची खाती गोठली. बँकांकडची रक्कम आणि मध्यस्थाच्या हिशेबातली रक्कम जुळेना. न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तांनी 6.5 ते 9.6 कोटी डॉलरच्या तुटीचा अंदाज दिला. ‘ठेवीला विमा आहे’ असं ॲपवर वाचून लोक निर्धास्त होते. पण तिथला ठेव विमा बँक बुडाल्यावर लागू होतो. इथे बँक बुडालीच नव्हती, बुडाला होता मधला माणूस. आपल्याकडची रचना वेगळी आहे, पण धडा तोच: तुमचं नाव आणि शिल्लक मूळ बँकेच्या वहीत लिहिलेली आहे की मधल्या कुणाच्या, हे महत्त्वाचं.

कार्ड घेण्याआधी आणि घेतल्यावर

या कंपन्यांची मी वैरीण नाही. लेक अजूनही असं एक ॲप वापरते आणि मीही तिला नको म्हणत नाही. फक्त काही पथ्यं आम्ही पाळतो.

घेण्याआधी अटींमध्ये ‘जारीकर्ता’ कोण आहे ते शोधावं. बचत खातं आहे, प्रीपेड आहे की पेमेंट्स बँक, हे स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते कार्ड घेऊ नये. बचत खातं असेल तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मिळतो. त्याच बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा नेट बँकिंगमध्ये लॉगिन करून ते खातं तिथे दिसतं का, हे पहिल्याच आठवड्यात पाहावं. दिसलं तर उद्या कंपनीचं ॲप बंद पडलं तरी पैशांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता तुमच्याकडे आहे. वारसाचं नामनिर्देशनही तेव्हाच करून टाकावं.

वॉलेटमध्ये महिन्याच्या खर्चापुरतंच ठेवावं. परीक्षेची फी, घरभाड्याची अनामत, आजारपणासाठी बाजूला काढलेले पैसे तिथे नकोत. विम्याचा हप्ता किंवा एसआयपी अशा कार्डाला जोडू नये. सेवा थांबली की हप्ते चुकतात. दर महिन्याला विवरणपत्र पीडीएफमध्ये उतरवून ठेवावं, कारण ॲप गेलं की हिशेबही त्याच्याबरोबर जातो. जुनं, न वापरलेलं वॉलेट शिलकीसकट विसरून जाऊ नये. मुदत संपल्यावर तीन वर्षांनी बिगर-बँक कंपनीला ती शिल्लक स्वतःच्या नफ्यात वळवता येते.

तक्रार नेहमी जारीकर्त्याकडे, लेखी करावी आणि क्रमांक जपावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. तिथेही तक्रार बँकेविरुद्ध किंवा परवानाधारक वॉलेट कंपनीविरुद्ध करायची. ज्याच्यावर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रणच नाही अशा ॲपविरुद्ध लोकपाल काही करू शकत नाही. फसवणूक झाली असेल तर मात्र 30 दिवस थांबायचं नाही. आधी कार्ड ब्लॉक, मग सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर फोन, आणि जारीकर्त्याला तीन दिवसांच्या आत कळवायचं. उशीर होईल तसा तोट्यातला तुमचा वाटा वाढतो.

जून महिना आला की आपली मुलं शिकायला पुण्या-मुंबईला, नागपूर-संभाजीनगरला निघतात आणि ‘झिरो बॅलन्स’ म्हणून हीच कार्डं त्यांच्या हाती पडतात. आईवडिलांना माझं एकच सांगणं आहे. किमान शिल्लक लागत नाही असं मूलभूत बचत खातं प्रत्येक बँकेला उघडून द्यावंच लागतं. त्यावर एटीएम-डेबिट कार्ड मोफत मिळतं आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढायला शुल्क नाही. आधी ते खातं उघडून द्या. कंपनीचं कार्ड त्यानंतर, आणि खर्चापुरतंच.