गाण्यातली स्वाक्षरी

नामवंतांच्या स्वाक्षऱ्या गोळा करण्याचा छंद तुमच्यापैकी कित्येकांना असेल. युरोपात संगीतकारांच्या बाबतीत या छंदाला निराळाच बहर आला. रसिक आपली वही किंवा संगीतकाराचे छायाचित्र पुढे करी, आणि तो नुसते नाव न लिहिता आपल्या रचनेतील दोन-चार स्वर पाच रेघांच्या स्वरलिपीत लिहून खाली सही करी. योहान स्ट्राउस याच्या घरातील एका स्त्रीने ब्राम्स या थोर संगीतकारापुढे एकदा आपला पंखा धरला. ब्राम्सने त्यावर स्ट्राउसच्याच 'ब्लू डॅन्यूब' या १८६७ सालच्या रचनेचे आरंभीचे स्वर लिहिले आणि खाली शेरा मारला, की दुर्दैवाने ही रचना ब्राम्सची नाही! स्वतःचे नाव लिहिता लिहिता दुसऱ्याला अशी दाद देणारा माणूस विरळाच.

मात्र असे कागद जपणे सोपे नव्हे. उन्हाने शाई विटते. गगनबावड्यासारख्या धुवाधार पावसाच्या गावी तर आषाढ-श्रावणात कपाटातल्या वहीलाही बुरशी धरते.

आपल्याकडील जुन्या संगीतकारांचे असे कागद शोधू जाल, तर फारसे हाती लागणार नाहीत. आपली बंदिश गुरूच्या कंठातून शिष्याच्या कंठात जाई. मग रचनाकाराची सही कोठे? ती बंदिशीतच असे! बंदिशीच्या शब्दांत, बहुधा अंतऱ्यात, तो आपले टोपणनाव गुंफी. त्यास 'मुद्रा' म्हणतात. अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारी असलेल्या नियामतखाँची मुद्रा 'सदारंग'. बडोद्याच्या फैयाझखाँची 'प्रेमपिया'. कोल्हापुरास छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या अल्लादियाखाँची (१८५५–१९४६) 'अहमदपिया'. सदारंगाची बंदिश आज कोणी गायली, की ती सही पुन्हा उमटते.

कंठातल्या ठेवीला बुरशी धरत नाही, हे खरे. पण गवई निवर्तला आणि त्याला शिष्य नसला, तर ती ठेव एका रात्रीत नाहीशी होते. ही हानी ओळखली पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी. मुंबईचे हे वकील गावोगाव हिंडले, गवयांपुढे शिष्य होऊन बसले. गवई आपल्या चिजा सहजासहजी देत नसत. त्यांना तरी दोष कसा द्यावा? ती चीज हेच त्यांचे वतन होते! भातखंड्यांनी चिकाटी सोडली नाही. ऐकलेली चीज कागदावर उतरावी म्हणून त्यांनी सोपी स्वरलिपी योजली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या माथ्यावर उभी रेघ. अशा सुमारे १८०० बंदिशी त्यांच्या 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत आहेत. त्यांनी स्वतः रचलेली लक्षणगीतेही त्यांत आढळतात. त्यांतली मुद्रा आहे 'चतुर'.