शकुंतला रेल्वे आणि आपला अर्ज

आमच्या कामरगावाला रेल्वेस्थानक नाही. मोठ्या लाईनवरील गाडी पकडायची तर मूर्तिजापूर किंवा बडनेरा गाठावे लागते. तालुक्याच्या गावी, कारंजाला, मात्र रेल्वे होती. ‘शकुंतला’ या नावाने ती साऱ्या वऱ्हाडाला परिचित आहे. ही गाडी मागे का पडली आणि तेथे पुन्हा रेल्वे यावी म्हणून नागरिकांनी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरात व तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांत जावा, या हेतूने किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हा मार्ग बांधला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ कि.मी. आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ कि.मी. अशा त्याच्या दोन शाखा. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खाजगी कंपनीकडेच राहिली. गाडी मात्र मध्य रेल्वे चालवीत असे. मँचेस्टरचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, नंतर डिझेल इंजिन आले. पुढे गाडीच बंद पडली.

माझ्या मते या ऱ्हासाचे मूळ रुळांच्या रुंदीत आहे. मोठ्या लाईनचे रूळ साडेपाच फुटांचे. त्यामुळे छोट्या वाघिणीतील माल मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा मोठ्या वाघिणीत भरावा लागे. हमाली दुप्पट, वेळही दुप्पट. ट्रक मात्र बाजारातून माल उचलून थेट गिरणीच्या दारात टाकतो. मालवाहतूक गेली, उरले गोरगरीब प्रवासी. केवळ त्यांच्या स्वस्त तिकिटांवर रूळ व पूल सांभाळणे कठीणच.

गाडी वाचावी म्हणून लोकांनी निवेदने दिली, आंदोलने केली. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या मार्गाच्या रुंदीकरणासाठी १५०० कोटी रुपयांची घोषणा झाली. परंतु घोषणा म्हणजे रूळ नव्हेत. आपल्याच जिल्ह्यात वाशीमवरून जाणारा पूर्णा–अकोला मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. शेजारी वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या मार्गावर २०२४ च्या फेब्रुवारीत वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावली. म्हणजे काम अशक्य नाही.

गेल्या वर्षी आम्ही काही विद्यार्थ्यांनी एक अर्ज लिहिला. त्यात आजोबांच्या आठवणी होत्या, इंजिनाची शिट्टी होती. एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांना तो दाखविला. वाचून ते म्हणाले, “पोरांनो, आठवणी लय आहेत, पण क्विंटल कुठी आहेत?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो अर्ज आम्ही पाठविलाच नाही.

तेव्हापासून मला वाटते, मागणीपूर्वी मोजणी हवी. कारंजाच्या बाजारातून सोयाबीन, तूर व कापूस कोणत्या महिन्यात किती व कोठे जातो? क्विंटलमागे ट्रकभाडे किती पडते? मूर्तिजापूर व अमरावतीच्या एस.टी.त रोज किती विद्यार्थी, किती रुग्ण असतात? ही माहिती बाजार समिती, व्यापारी व आगार यांच्याकडून गोळा करता येईल. हिशेबासह केलेला अर्ज भुसावळचे विभागीय रेल्वे व्यवस्थापक, रेल्वे उपभोक्ता सल्लागार समिती आणि खासदार यांच्याकडे एकाच वेळी जावा. उत्तर न आल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहेच.

बसचे भाडे परवडत नाही म्हणून कॉलेज सोडलेली मुले आमच्या गावात आहेत. त्यांचीही गणती या हिशेबात झाली पाहिजे. अर्थशास्त्राच्या आम्हा विद्यार्थ्यांना प्रकल्प करावाच लागतो. तो याच विषयावर करावा, अशी प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे.