मातीच्या भिंतीला ठिगळ

पावसाळा सरला की घरोघर एकच तक्रार. कुठे भिंतीचा पोपडा पडलेला. कुठे खुंटी उपटून खड्डा झालेला. आपण काय करतो? मूठभर चिखल घेतो आणि थापतो. तो चार दिवसांत सुकतो. कडेने भेग जाते. मग एक दिवस ते ठिगळ खाली येते आणि येताना जुनी माती घेऊन येते. खड्डा पहिल्यापेक्षा मोठा होतो.

असे का होते? चिखल सुकला की आकसतो. जुनी भिंत आकसत नाही. तिचे आकसणे कधीच होऊन गेले. शिवाय कोरडी भिंत तहानलेली असते. ओल्या चिखलातले पाणी ती झटकन पिऊन टाकते. मग चिखल तिला चिकटणार कसा?

म्हणून आधी जागा तयार करायची. खड्ड्याभोवतीची भिंत बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथली माती सुटली आहे. ती काढून टाका. खड्डा मोठा झाला म्हणून हळहळू नका. घट्ट माती लागेपर्यंत खरवडा. झाडूने धूळ झाडा. मग पाणी शिंपडा. थोडे थांबा, पुन्हा शिंपडा. भिंत ओली व्हावी, पण ओघळ वाहू नयेत.

आता माती. शेतातली काळी माती नको. ती पाण्याने फुगते आणि सुकली की फाटते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या तुम्ही पाहताच. पडक्या घराची पांढरी माती चांगली, पण खार फुटलेली घेऊ नका. भिंतीत आहे तीच माती ठिगळात आली तर दोन्हींचे जुळते.

वाळू किती घालावी? प्रत्येक गावची माती याचे उत्तर निराळे देते. त्यासाठी भिंतीच्या कोपऱ्यात तळहाताएवढ्या तीन चकत्या लावा. पहिलीत 1 वाटी मातीला अर्धी वाटी वाळू, दुसरीत 1 वाटी, तिसरीत 2 वाट्या. चकत्या पुऱ्या सुकू द्या. जी तडकली तिच्यात वाळू कमी पडली. बोट लावताच जिची भुकटी झडते तिच्यात जास्त झाली. जी टिकली ते तुमचे माप.

त्या मापाने माती चाळून घ्या. गव्हाचे बारीक भुसकट आणि थोडे शेण घाला. पाणी घालून पायाने तुडवा. तीन-चार दिवस मुरू द्या, रोज एकदा तुडवा. भुसकट धाग्यासारखे माती धरून ठेवते.

खोल खड्डा एका दमात भरू नका. बोटाच्या जाडीचा थर अंगठ्याने दाबून बसवा. त्यावर काटकीने तिरक्या रेघा ओढा, म्हणजे पुढचा थर धरतो. तो सुकत आला की पाणी शिंपडून दुसरा थर द्या. शेवटचा थर पातळ, बारीक मातीचा. तो कडेच्या पुढे चार बोटे न्यायचा आणि ओल्या फडक्याने गोल गोल पुसत विरवून टाकायचा. ऊन लागत असेल तर पुढे ओले गोणपाट टांगा. सावकाश सुकले की तडकत नाही.

रात्री बॅटरी भिंतीला अगदी लगटून धरा. उंचवटा असेल तर सावली पडते. तिथे फडके पुन्हा फिरवा.

ओले ठिगळ काळपट दिसते. घाबरू नका, सुकले की रंग उतरतो. तरी थोडा फरक राहतोच. म्हणून शेवटी पांढऱ्या मातीचा हात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सबंध भिंतीला द्या. नुसत्या ठिगळाला दिला तर ते दारातूनच ओळखू येते.

"गुरुजी, एवढा खटाटोप कशाला? पाटीभर सिमेंट लावलं की झालं," आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या. "काकू, सिमेंट मातीशी नांदत नाही," मी म्हटलं. भिंतीत शिरलेली ओल माती पुन्हा हवेत सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. ओल मागे साचते, आतली माती सैल होते. मग सिमेंटची खपली मातीसकट सुटते.

पण काही भेगा झाकायच्या नसतात. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग, दोन भिंतींच्या सांध्यातली भेग, पोट सुटलेली भिंत. यांना लिंपून घर सुंदर दिसेल, मजबूत होणार नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीजवळ भूकंप झाला. लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यातली गावे कोसळली. तिथे दगडमातीच्या जाड भिंती होत्या आणि वर मातीची जड धाबी. हजारो माणसे झोपेत गाडली गेली. भिंतीचा भरवसा तपासून घ्यावा तो यासाठी.

भेगेवर आडवा पातळ कागद खळीने चिकटवा. दोन्ही टोके नीट चिकटू द्या. त्यावर तारीख लिहा. आता लिहिता येते, तर लिहाच. महिनाभर रोज पाहा. कागद शाबूत राहिला तर पायाशी पाणी मुरते का, घुशीचे बीळ आहे का ते पाहून आधी ते बंद करा, मग भेग भरा. कागद फाटला तर भेग वाढते आहे. लिंपू नका. जाणत्या गवंड्याला दाखवा. भिंतीला पोट सुटले असेल तर महिनाभर थांबू नका, लगेच बोलवा. तो येईपर्यंत त्या भिंतीलगत कोणाचे अंथरूण घालू नका, आणि तिच्यावर टेकलेल्या आढ्याला पाळणा बांधू नका.