काळ्या पट्ट्याची परीक्षा

वाचावयाचे शास्त्रभाग: १ करिंथ ९:२४–२७, २ तीमथ्य २:३–५, नीतिसूत्रें २४:१६, इफिस २:८–१०

हल्लीं शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि मुलें-मुली ज्युदो व कराटे शिकूं लागलीं आहेत. आपल्या मंडळ्यांतील कांहीं आईबाप विचारतात कीं, आमच्या मुलाला काळा पट्टा केव्हां मिळेल? दुसरे कांहीं विचारतात कीं, ख्रिस्ती मुलानें ही विद्या शिकावी काय? तेथें वांकावें लागतें, तें योग्य काय? ह्या प्रश्नांचा आज आपण शास्त्राच्या उजेडांत विचार करूं.

१. पट्टा कोठून आला

जिगोरो कानो (१८६०–१९३८) ह्या जपानी शिक्षकानें १८८२ सालीं तोक्यो शहरांतील एका बौद्ध मंदिराच्या जागेंत कोदोकान नांवाची ज्युदोची शाळा काढली. जागा बारा चटयांची आणि पहिले शिष्य अवघे नऊ. पुढच्या वर्षीं त्यांनीं दोघां शिष्यांस पहिली पायरी दिली. पायऱ्यांची ही रीत 'गो' नांवाच्या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या खेळांत पूर्वींपासून होती. कांहीं वर्षांनीं ह्या पायरीचें चिन्ह म्हणून काळा पट्टा बांधण्याची वहिवाट पडली. ओकिनावा बेटाचे गिचिन फुनाकोशी ह्यांनीं १९२२ सालीं तोक्योंत कराटे दाखविलें, व १९२४ सालीं तीच रीत आपल्या शिष्यांस लावली.

ह्या पायरीस जपानी भाषेंत 'शोदान' म्हणतात. 'शो' म्हणजे आरंभ. आपण ज्याला कळस समजतों, त्याला तेथें पहिली पायरी म्हणतात. ज्युदोंत तिच्यावर आणखी नऊ पायऱ्या आहेत. वाचकहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हां येऊं.

२. आधीं पडावयास शिकणें

ज्युदोच्या शिष्यास प्रथम दुसऱ्याला पाडावयास शिकवीत नाहींत. स्वतः पडावयास शिकवितात. हनुवटी छातीशीं आणावी, हात चटईवर आपटावा, डोकें सांभाळावें आणि उठावें, हें पुनःपुन्हां करून घेतात. ज्याला पडतां येत नाहीं, तो पडण्याला भितो. आणि जो भितो तो शिकत नाहीं.

शलमोनानें नीतिमानाविषयीं काय लिहिलें तें पाहा. त्याचें नीतिमत्त्व न पडण्यांत दाखविलें नाहीं, पुन्हां उठण्यांत दाखविलें आहे. प्रमुख याजकाच्या अंगणांत पेत्र पडला, परंतु तो रडला व परत आला. यहूदाहि पडला; तो मात्र प्रभूकडे परतला नाहीं.

३. नियमाप्रमाणें झटणें

कराटेच्या परीक्षेंत बहुधा तीन गोष्टी पाहतात: मूळ डाव, ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, आणि समोरच्याशीं सामना. अंग थकलें असतां उमेदवाराचा तोल राहतो कीं जातो, हें तेथें उघड होतें. रागानें जो बेफाम मारतो, तो बलवान असला तरी नापास होण्यास पात्र ठरतो. पौलानें तीमथ्यास हेंच शिकविलें: झटणाऱ्याला मुकुट हवा, तर त्यानें नियम पाळले पाहिजेत. काळा पट्टा दुकानांत विकत मिळतो. पण ती केवळ कापडाची पट्टी होय. शिमोन जादूगारानें पवित्र आत्म्याचें दान पैशानें घेऊं पाहिलें, त्याची फजिती प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायांत वाचावी.

४. वांकणें आणि मारणें

जपानांत वांकून नमस्कार करणें ही रोजची सभ्यता आहे. अब्राहामहि हेथी लोकांपुढें वांकला (उत्पत्ति २३), आणि त्यांत त्यानें मूर्तिपूजा केली नाहीं. पण कांहीं जपानी शाळांत भिंतीवर देव्हारा असतो. त्याची पूजा करण्याची सक्ती होईल, तर दानीएलाच्या तिघां मित्रांचें उदाहरण (दानीएल ३) आपणांपुढें आहे. गुरूला व जोडीदाराला मान द्यावा. उपासना एका देवाचीच करावी. शंका असेल तर आईबापांनीं शिक्षकाला आधींच नम्रपणें विचारावें.

फुनाकोशींची शिकवण अशी होती कीं, पहिला घाव आपला नसावा. आपला प्रभु ह्याच्याहि पुढें जातो. तो सूड घेण्याची इच्छाच मनांतून काढावयास सांगतो. जो मुलगा पट्टा मिळाल्यावर शेजाऱ्याच्या पोरांस दमदाटी करितो, तो दोन्ही शाळांत नापास आहे.

५. परीक्षा आणि कृपा

येथें मोठा भेद आहे. पट्टा परीक्षेनंतर मिळतो. तारण परीक्षा देऊन कोणालाहि मिळालें नाहीं. उधळा पुत्र परत आला तेव्हां बापानें त्याची परीक्षा घेतली नाहीं. एक दिवसहि काम केलें नसतां त्याच्या अंगावर उत्तम झगा घातला, बोटांत आंगठी घातली. ही कृपा होय. परंतु घरांत घेतलेला पुत्र दुसऱ्या दिवशीं ओसरीवर निजून राहावयाचा काय? पौल म्हणतो कीं, आपण कृत्यांनीं तारले गेलों नाहीं, तरी सत्कृत्यांसाठीं निर्मिलेले आहों.

आतां पहिली गोष्ट आठवा. आपले तरुण दहा आज्ञा व प्रभूची प्रार्थना पाठ करितात, पाळक व वडील त्यांस प्रश्न विचारतात, आणि ते प्रभुभोजनास घेतले जातात. त्या दिवशीं घरीं गोडधोड होतें. पुढें सहा महिन्यांत त्यांची जागा रिकामी दिसते. कराटेचे शिक्षकहि अशीच खंत करितात कीं, पट्टा मिळाला म्हणजे पुष्कळ मुलें येईनाशीं होतात. आरंभाला शेवट मानल्याचें हें फळ आहे. ह्यांत तरुणांचाच दोष नाहीं. आम्हीं वडीलधाऱ्यांनीं त्यांचीं नांवें वहींत लिहिलीं आणि शिकविणें थांबविलें. म्हणून येत्या रविवारीं प्रत्येक मंडळीनें अशा एका तरुणाच्या घरीं जावें, आणि दोष न देतां त्याला पुन्हां बोलवावें. तो पडला असेल. त्याला उठावयास हात द्यावा.

विचार करण्यासाठीं प्रश्न

१. पेत्र व यहूदा ह्यांच्या पडण्यांत कोणता भेद होता?
२. मान देणें व उपासना करणें ह्यांतील भेद मुलांस कसा समजावून सांगाल?
३. आपल्या मंडळींत सभासद झाल्यानंतर तरुणांस कोण शिकवितो?