उन्हाळ्यात मधमाश्यांसाठी फुलझाडे

धाराशिव जिल्ह्यात रब्बीची ज्वारी, करडई व हरभरा निघाला की शिवार उघडे पडते. मार्च ते मे या काळात मधमाश्यांना मध व पराग मिळेनासा होतो आणि त्या पोळे सोडून जातात. नेमके याच वेळी विहिरीच्या पाण्यावरचे कलिंगड फुलावर असते. कलिंगडात नर व मादी फुले वेगळी असतात. फूल सकाळी उमलते व त्याच दिवशी मिटते. पराग चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाही, तो माशीनेच न्यावा लागतो. माश्या कमी पडल्यास फळे गळतात किंवा वेडीवाकडी होतात. म्हणून शेतकरी बंधूंनो, माश्यांच्या उन्हाळ्याची सोय आपल्याच बांधावर करा.

कोणती झाडे लावावीत?

एकाच जातीची झाडे न लावता फुलोरा एकामागून एक येईल अशी निवड करावी.
१) मार्च-एप्रिल : कडुनिंब, जांभूळ
२) एप्रिल-मे : करंज, शिरीष, बहावा
३) मे-जून : चिंच

करंज व कडुनिंब हलक्या जमिनीतही तग धरतात. जांभूळ मात्र ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ लावावे. बहाव्यावर प्रामुख्याने भुंगे येतात, तेही परागीभवन करतात.

परसबागेत तुळस व शेवगा लावावा. पाणी असल्यास जानेवारीअखेर सूर्यफुलाच्या चार ओळी पेराव्यात, एप्रिलमध्ये फुले मिळतात. दाट पाकळ्यांच्या शोभेच्या फुलांत माशीला फारसे काही मिळत नाही.

लागवड

उन्हाळ्यात ४५ सेंमी लांब, रुंद व खोल खड्डे घेऊन शेणखत व मातीने भरावेत. पहिला चांगला पाऊस होताच रोपे लावावीत. पहिले दोन उन्हाळे बुडाशी मडके पुरून पाणी द्यावे व आळ्यात पाचट पसरावे.

एवढे लक्षात ठेवा

• सावलीत पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाणी रोज बदलावे.
• फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो फवारू नये. गरजच पडल्यास सायंकाळी फवारावे.
• झुडपातील फुलोरी माशीचे पोळे जाळू नये. ही माशी पेटीत राहत नाही, पण परागीभवनाचे काम चोख करते. पेटीत पाळण्यास सातेरी माशी योग्य आहे.

या पावसाळ्यात लावलेला करंज फुलावर येण्यास काही वर्षे लागतील. तोपर्यंत शेवगा, तुळस व सूर्यफुलाने माश्यांचा उन्हाळा निभावून न्यावा.