दोर आणि दार

लिफ्टमध्ये पाऊल ठेवताना पुष्कळांच्या मनात एकच भीती डोकावते: दोर तुटला तर? ही भीती फार जुनी आहे आणि एके काळी ती अगदी खरी होती. कारखान्यांत ओझी वर चढविणारे पाळणे दोरावर लोंबकळत असत. दोर तुटला, की ओझ्यासकट पाळणा तळाशी आदळे. अशा पाळण्यात माणसाने बसणे म्हणजे जिवावर उदार होणेच होते.

अमेरिकेतील यॉन्कर्स या गावी पलंग तयार करण्याच्या एका कारखान्यात एलिशा ओटिस नावाचा कल्पक यंत्रज्ञ काम करीत असे. दोर केव्हा ना केव्हा तुटणारच, असे गृहीत धरून त्याने १८५२ मध्ये एक युक्ती योजिली. घोडागाडीला असते तशी पोलादी पट्ट्यांची कमान त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसविली व दोर तिला जोडला. पाळण्याच्या भाराने दोर ताणलेला असे, तोवर कमान वाकलेली राही. दोर तुटताच ती सरळ होई आणि तिची दोन्ही टोके बाजूच्या खांबांवरील दात्यांत अडकत. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधील प्रदर्शनात उंच चढविलेल्या पाळण्यावर तो स्वतः उभा राहिला आणि सर्वांदेखत त्याने दोर तोडविला. पाळणा किंचित खाली आला व तेथेच थांबला. पुढे १८५७ मध्ये त्याच शहरात, चिनी मातीची भांडी व काचसामान विकणाऱ्या एका पाच मजली दुकानात माणसांसाठी त्याची लिफ्ट सुरू झाली.

आजच्या लिफ्टची रचना याहून पुष्कळ सुधारलेली आहे. मोठ्या इमारतींतील लिफ्टचा पिंजरा सामान्यतः एका नव्हे, अनेक पोलादी दोरांना टांगलेला असतो. पिंजऱ्याच्या गतीबरोबर वेगनियंत्रकाचे चाक फिरत असते. खाली येताना वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की हे चाक अडते, त्यामुळे पिंजऱ्याला लावलेल्या पाचरी ओढल्या जातात आणि दोन्ही बाजूंच्या रुळांना घट्ट पकडतात. दोरांच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो, तो रिकाम्या पिंजऱ्याहून जड ठेवतात. म्हणजे ब्रेक निकामी झाला, तर रिकामी लिफ्ट खाली कोसळण्याऐवजी वरच ओढली जाईल! हे ऐकून कोणालाही नवल वाटेल.

दोराची काळजी अशी यंत्राने वाहिली आहे. दाराची गोष्ट मात्र निराळी. पिंजरा ज्या उभ्या पोकळीतून वर-खाली जातो, तिला आपण विहीर म्हणू. प्रत्येक मजल्यावर या विहिरीला एक दार असते आणि तोच तिचा कठडा. पिंजरा समोर आल्याखेरीज दार उघडू नये व दार उघडे असता पिंजरा हलू नये, अशी कुलुपाची व्यवस्था त्यात केलेली असते. पण कुलूप झिजते. घाईच्या माणसांनी दार आपटले, जाळीचा दरवाजा हिसडला किंवा दारात पुठ्ठा खुपसून कुलुपाला फसविले, म्हणजे हा रखवालदार आंधळा होतो. मग एखाद्या सायंकाळी, जिन्यातला दिवा गेलेला असताना, कोणी दार ओढतो. ते सहज उघडते. समोर पिंजरा असेलच अशा समजुतीने तो पाऊल टाकतो आणि त्या पावलाखाली काहीच नसते. म्हणून दार उघडले, तरी पिंजऱ्याची जमीन डोळ्यांनी पाहिल्यावाचून आत शिरू नये.

वीज गेली आणि पिंजरा दोन मजल्यांच्या मध्ये अडकला, तर काय करावे? पुष्कळजण दार ओढून खाली उडी घेऊ पाहतात. येथेच खरा घात होतो. पिंजऱ्याची जमीन मजल्याच्या वर असेल, तर तिच्याखाली विहिरीचे तोंड उघडे राहते. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला, की तो त्या फटीतून थेट तळाशी जातो. शिवाय त्याच क्षणी वीज आली, तर पिंजरा हलण्याचा धोका असतोच. आत बसून राहणे हेच श्रेयस्कर. पिंजऱ्यात हवा येण्यास वाट असते, तेथे गुदमरण्याचे भय नाही. घंटेचे बटण दाबावे व धीर धरावा. जाणता कारागीर प्रथम मुख्य वीजप्रवाह बंद करतो, मगच पिंजरा जवळच्या मजल्याशी आणून दार उघडतो. इमारतीला आग लागली असता मात्र लिफ्टचा आश्रय घेऊच नये, जिन्याने उतरावे.

या कारागिराचाही विचार आपण क्वचितच करतो. दुरुस्तीसाठी तो पिंजऱ्याच्या माथ्यावर उभा असतो, नाहीतर विहिरीच्या तळाशी वाकलेला असतो. वर मुख्य कळ बंद करून तिला कुलूप घातलेले असावे व किल्ली त्याच्याच खिशात असावी, हा नियम. खाली दारावर ‘काम चालू आहे’ अशी पाटी लावलेली असते. ती पाटी बाजूला सारून बटण दाबणारा मनुष्य केवळ आपला वेळ वाचवीत नसतो. तो एका न दिसणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळत असतो.

लिफ्टवर सरकारची देखरेखही असते. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला. महाराष्ट्राने २०१७ मध्ये नवा कायदा केला, त्यात सरकते जिनेही आले.

सरकत्या जिन्याला दार नसते, फटी असतात. पायऱ्या आणि बाजूची भिंत यांच्यामध्ये एक, व शेवटी जेथे पायरी फणीच्या दातांखाली नाहीशी होते तेथे दुसरी. साडीचा काठ, बुटाची नाडी, मऊ रबरी चप्पल यांना या फटी चटकन ओढून घेतात. कोणी अडकलेच, तर जिन्याच्या टोकाशी असलेले लाल बटण दाबावे, जिना थांबतो.

फटीतून काय घडू शकते हे लंडनने १९८७ मध्ये पाहिले. किंग्ज क्रॉस या भुयारी स्थानकातील लाकडी सरकत्या जिन्यावर कोणाची तरी पेटती काडी पडली. ती कडेच्या फटीतून खाली, वर्षानुवर्षे साचलेल्या वंगणात आणि कचऱ्यात गेली. त्या आगीत ३१ माणसे मृत्यू पावली. त्यानंतर तेथील भुयारी रेल्वेने लाकडी जिने हळूहळू काढून टाकले. ग्रीनफर्ड स्थानकातील शेवटचा लाकडी जिना २०१४ मध्ये बंद झाला आणि २०१५ मध्ये त्या स्थानकात तिरक्या वाटेने चढणारी लिफ्ट सुरू झाली.